माइक नेमका कुठे धरावा?

मागच्या रांगेतून 'आवाज वाढवा' अशी हाक आली की साउंडवाल्याचा हात मिक्सरकडे जातो. आवाज वाढतो, पण शब्द कळत नाहीत ते नाहीतच. आणखी वाढवला की माइक शिट्टी मारू लागतो. या दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते : माइक तोंडापासून लांब आहे.

अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत थेट पोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. १० सेंटिमीटरवरचा माइक ४० सेंटिमीटरवर गेला, की १२ डेसिबल गेले. ही तूट भरायला गेन वाढवला, तर पंख्याची घरघर, भिंतींवरून परतणारा घुमारा आणि स्पीकरचा आवाजही तेवढाच वाढतो. स्पीकरमधला आवाज माइकमध्ये, माइकमधून परत स्पीकरमध्ये, असा फेरा सुरू होतो. ज्या सुराला दर फेरीत भर पडते, तोच शिट्टी होऊन कानात घुसतो.

म्हणून हातातला माइक तोंडापासून पाच ते दहा सेंटिमीटरवर हवा. याहून जवळ नेला, तर सभांमध्ये वापरले जाणारे बहुतेक माइक खर्जाचे सूर फुगवतात. मग आवाज भारदस्त वाटतो, पण स, श, त, च ही शब्द ओळखू आणणारी व्यंजनं त्या घुमण्यात बुडतात. मिक्सरवर 'लो कट'चं बटण असेल, तर भाषणासाठी ते चालू ठेवावं.

आता कोन. तोंडासमोर तळहात धरून 'फळा', 'पंप', 'भाकरी' म्हणून पाहा. हवेचा झोत हातावर आपटतो. तो माइकच्या पडद्यावर आदळला की स्पीकरमधून 'धप्प' असा आवाज येतो. झोत सरळ पुढे जातो, आवाज मात्र चहूकडे पसरतो. त्यामुळे माइक हनुवटीच्या जरा खाली किंवा बाजूला धरून तोंडाकडे तिरका रोखला, की झोत चुकतो आणि शब्द सापडतात.

कार्डिऑइड प्रकारचा माइक समोरून चांगलं ऐकतो आणि पाठीमागून जवळजवळ बहिरा असतो. म्हणून स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला ठेवतात. तिकडे माइकची पाठ असते. वक्त्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेला स्पीकर, म्हणजे मॉनिटरही, माइकच्या बरोबर पाठीमागे ठेवावा. जाळीभोवती मूठ आवळून माइक धरला, की मागच्या बाजूच्या फटी बुजतात, हा बहिरेपणा जातो आणि शिट्टी लगेच येते. पकड नेहमी दांड्यावर हवी.

पोडियमवर दोन माइक शेजारी लावायची हौस अनेक ठिकाणी दिसते. वक्त्याने मान वळवली की त्याचा आवाज दोन्हींकडे किंचित वेगवेगळ्या वेळी पोचतो, काही सूर एकमेकांना मारतात आणि बोलणं पोकळ ऐकू येतं. एकच माइक लावावा, तोंडापासून १५ ते ३० सेंटिमीटरवर, खालून तोंडाकडे रोखलेला. वक्ता बदलला, उंची बदलली, की माइकची लवचीक मान वाकवून घ्यावी. परिसंवादात ज्याची पाळी नाही त्याचा माइक बंद ठेवावा, कारण चालू माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपासूनची सुरक्षित मर्यादा साधारण ३ डेसिबलने घटते.

कीर्तनकार किंवा फिरत शिकवणारे शिक्षक यांना कॉलर माइक सोयीचा. तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा. पदर, उपरणं किंवा मंगळसूत्र त्याला घासणार नाही हे आधी पाहावं, नाहीतर खरखर शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही. वक्ता सारखा पडद्याकडे पाहणार असेल, तर माइक त्या बाजूला सरकवावा.

चाचणी घेताना माइकवर टिचक्या मारू नयेत, फुंकर तर नकोच. वक्त्याकडूनच भाषणाची पहिली दोन वाक्यं, नेहमीच्या आवाजात, म्हणवून घ्यावीत आणि एकाने शेवटच्या रांगेत जाऊन ऐकावं. शब्द धूसर वाटले, तर आधी अंतर, मग कोन, मग स्पीकरची जागा तपासावी. मिक्सरला हात लावायची वेळ त्यानंतरची.