अण्णांचा पोर्टेबल टीव्ही आणि हरवलेली वायर



चौथीच्या वर्गात ‘काल आणि आज’ हा उपक्रम घेत होते. मुलांनी कंदील, पाटा-वरवंटा, पितळी तांब्या असं काय काय आणलं. मीही इंदिरानगरातल्या आमच्या घराच्या माळ्यावरून अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पोर्टेबल टीव्ही खाली काढला. चौदा इंची, ब्लॅक अँड व्हाइट, वर उचलायला मूठ. पुसूनबिसून शाळेत नेला आणि मग लक्षात आलं, की याची वायरच नाही! मागे नुसती दोन भोकं.

तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, “बाई, दुसरी वायर सोलून खोचा ना. बोर्डात काड्यापेटीच्या काड्या लावल्या की घट्ट बसते. आमच्याकडं असंच करतात.” निम्म्या वर्गाने माना डोलावल्या. मला धस्स झालं. टीव्ही चालू करायचा बेत मी तिथेच थांबवला आणि दुसऱ्या दिवशी वायरीचाच पाठ घेतला. तोच इथे देत आहे.

वायर शोधण्याआधी टीव्ही मागून वाचायचा. प्रत्येक संचाच्या पाठीवर एक पट्टी असते. आमच्या टीव्हीवर लिहिलं होतं: ए.सी. २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ. आणि त्याखाली डी.सी. १२ व्होल्ट, १८ वॅट. म्हणजे हा टीव्ही घरच्या विजेवरही चालतो आणि बॅटरीवरही. असं का बरं केलं असेल? अण्णा सांगतात, निफाडकडच्या आमच्या गावी रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायच्या वेळी लाईट गेली, की ट्रॅक्टरची बॅटरी काढून ओट्यावर आणायची. (‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं.) त्या काळी कितीतरी गावांत वीज धड नव्हती, म्हणून पोर्टेबल टीव्हीला ही दुसरी सोय असायची.

आता गंमत अशी, की सोयी दोन म्हणजे भोकंही दोन प्रकारची. त्यात अदलाबदल झाली तर १२ व्होल्टच्या जागी घरातले २३० व्होल्ट शिरतात. टीव्ही तर जातोच, माणसालाही धोका. काही जुन्या संचांत ही भोकं दिसायला सारखीच असतात. त्यामुळे वायर बसते, एवढ्यावरून ती चालेल असं धरू नका. भोकाशेजारी काय छापलंय ते बघा. छपाई पुसली असेल तर जुन्या मेकॅनिकला दाखवा, अंदाज नको.

भोक ए.सी.चं आहे अशी खात्री असेल तर काम सोपं आहे. इंग्रजी आठच्या आकाराचं भोक असेल, तर जुन्या टेपरेकॉर्डरची वायर बसते. इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘टेपची वायर’ म्हटलं की देतात. एकच बघायचं, परदेशातून आणलेला संच तर नाही ना? अमेरिकेतला १२० आणि जपानमधला १०० व्होल्टचा असू शकतो. तो आपल्या बोर्डाला थेट लावायचा नाही.

डी.सी.ची बाजू वापरायची असेल तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. मुलांना मी पाण्याच्या टाकीचं उदाहरण दिलं. टाकी किती उंचावर आहे ते व्होल्ट. नळातून किती पाणी येतं ते अँपिअर. व्होल्ट जेवढे लिहिलेत तेवढेच हवेत. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर चालणार नाही, पिन बसली तरी! अँपिअर मात्र जास्त असले तर बिघडत नाही, कारण टीव्ही लागेल तेवढाच प्रवाह घेतो. किती लागेल? १८ वॅट भागिले १२ व्होल्ट, म्हणजे दीड अँपिअर. (दशांशाचा भागाकार चौथीला जमला नाही, फळ्यावर मीच केला.) वायफायचा १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर कमी पडेल, सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट २ अँपिअरचा पुरेल.

तिसरी गोष्ट धन आणि ऋण. पिनेच्या आत धन आणि बाहेर ऋण, की उलट, हे टीव्हीवर आणि अडॅप्टरवर छोट्या गोलांच्या चित्रात दाखवलेलं असतं. दोन्ही चित्रं एकसारखी हवीत. मल्टिमीटर असेल तर लाल टोक पिनेच्या आत, काळं बाहेर लावा. आकड्यामागे उणे चिन्ह आलं नाही तर आत धन. उलट जोडलं तर काही संच वाचतात, काही नाही. थेट बॅटरीवर लावणार असाल तर धन वायरीत बॅटरीजवळच ३ अँपिअरचा फ्यूज हवा. बॅटरी शॉर्ट झाली तर वायर पेटते.

वायर मिळाली म्हणून लगेच बटण दाबू नका. वीस वर्षं पडून राहिल्यावर आतले कपॅसिटर सुकतात. आमच्या वायरमन काकांनी जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब टीव्हीच्या वायरीत सिरीजमध्ये घेतला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि तसाच राहतो, टीव्ही मात्र वाचतो. आमचा बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला. म्हणजे ठीक. मागचं झाकण आपण उघडायचं नाही. पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट लागतात आणि वायर काढल्यावरही त्यातले काही आत साठून राहतात. हे मी मुलांना दोनदा म्हणायला लावलं.

मग बल्ब काढून टीव्ही थेट लावला. खर्रर्र आवाज आणि पडदाभर मुंग्या! मुलं टाळ्या वाजवायला लागली, अण्णा मात्र हिरमुसले. टीव्ही बिघडलेला नव्हता. दूरदर्शनने आपली जवळपास सगळी जुनी, अॅनालॉग प्रक्षेपणं बंद केली आहेत, म्हणून अँटेनाला पकडायला काही उरलेलं नाही. त्या मुंग्यांतला अगदी थोडा भाग विश्वाच्या जन्मकाळापासून उरलेल्या लहरींचा असतो, हे सांगितल्यावर मुलं पडद्याच्या आणखी जवळ सरकली.

चित्रासाठी आरएफ मॉड्युलेटर नावाची छोटी डबी मिळते. सेट-टॉप बॉक्सची पिवळी आणि पांढरी वायर तिच्यात, तिची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या जागी, आणि चॅनेलचं बटण हळूहळू फिरवायचं. शनिवारी सकाळी वर्गात बातम्या दिसल्या. चित्र अजून मधूनच वर सरकतं. अण्णा म्हणतात, ते पूर्वीपासूनच सरकतं, मागचं बटण थोडं डावीकडे फिरव.