डोंगर धरून ठेवणारी झाडे

आफ्रिकेच्या नकाशात पश्चिम किनाऱ्यावर सिएरा लिओन हा छोटा देश शोधा. फ्रीटाउन ही त्याची राजधानी. गुलामीतून सुटलेल्या लोकांनी १७९२ साली ती वसवली, म्हणून नाव मुक्तांचे गाव! आज तिथे दहा लाखांहून अधिक माणसे राहतात. या शहरापुढचा एक अवघड प्रश्न आम्ही मोठ्या गटातल्या मुलांनी समजून घेतला, तो सांगतो.

फ्रीटाउनच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. सपाट जागा थोडी. १९९१ ते २००२ या काळात देशात यादवी युद्ध झाले, तेव्हा खेड्यांतली माणसे जीव वाचवायला शहरात आली. गरिबांना जागा मिळाली ती डोंगरउतारावर. झाडे तोडून घरे उभी राहिली. पण झाडांची मुळेच माती घट्ट धरून ठेवतात. ती गेली की भिजून जड झालेली माती घसरते.

तसेच झाले. १४ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी, मुसळधार पावसात शुगर लोफ डोंगराचा मोठा भाग कोसळला. मराठीत याला ‘दरड कोसळणे’ म्हणतात. हजाराहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. हवामान बदलामुळे असा धो धो पाऊस वाढेल, असे शास्त्रज्ञ सांगतात.

२०२० साली महापौर इव्हॉन आकी-सॉयर यांनी दहा लाख झाडांची मोहीम काढली. झाडे लावण्याचे समारंभ सगळीकडे होतात, पण पुढे पाणी कोण घालणार? फ्रीटाउनने युक्ती केली. प्रत्येक रोपाला क्रमांक दिला. वस्तीतली माणसे रोपे सांभाळतात, पुन्हा पुन्हा जाऊन मोबाइलवर फोटोसह नोंद करतात आणि त्या कामाचे त्यांना पैसे मिळतात. म्हणजे झाड जगले तर घरही चालते.

एवढ्याने प्रश्न सुटला का? नाही. एकीकडे रोपे लावायची आणि दुसरीकडे नव्या घरांसाठी रान तोडायचे, असे चालले तर डोंगर उघडाच राहणार. घरे कुठे बांधावीत हे आधी ठरवणे, यालाच नगररचना म्हणतात. पण नुसते ‘इथे राहू नका’ म्हणून भागत नाही. परवडणारी, सुरक्षित जागा दाखवावी लागते.

आता तुम्ही सांगा: तुम्ही महापौर असता, तर डोंगरावरच्या कुटुंबांना काय सांगितले असते? पुढच्या वर्गात बोलू. उत्तर मात्र मराठीतच हवे!