पावतीवर नसलेला रकाना

पहाटे ५.००
कऱ्हाकाठच्या वस्त्यांवर गोठ्यात दिवे लागले आहेत. मोरगावच्या या पट्ट्यात पावसाचा भरवसा नाही. पीक हाती लागो न लागो, दर दहा दिवसांनी येणारा दुधाचा पगार घर चालवतो. कास धुतली जाते, पहिल्या धारा वेगळ्या काढून गाठी आहेत का ते पाहिलं जातं आणि मग बादली खाली येते.

सकाळी ६.१५
संकलन केंद्रावर कॅनची रांग लागते. केंद्रचालक झाकण उचलतो आणि त्याच क्षणी नाक जवळ नेतो. झाकणाखाली कोंडलेली हवा एकदा उडाली की वास धरता येत नाही. नंतर दूध ढवळून नमुना मशीनला लावायचा. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक), पाणी यांचे आकडे पावतीवर उमटतात. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्यामुळे प्रत्येक पॉइंटवर चर्चा होते. पण दूध घ्यायचं की परत पाठवायचं याचा पहिला निकाल नाकाने दिलेला असतो आणि पावतीवर वासाचा रकानाच नसतो.

सकाळी ७.१०
एका कॅनपाशी हात थांबतो.
"काकू, धारेच्या आधी मुरघास घातला का?"
"व्हय, पण रोजच घालते की."
"धार झाल्यावर घालत जा. दुधाला वास लागतोय."
परीक्षानळीत दूध आणि अल्कोहोल सारख्या मापाने घेऊन हलवलं जातं. गुठळी होत नाही, म्हणजे दूध आंबलेलं नाही. दूध स्वीकारलं जातं.
इथे बारकाईने पाहायला हवं. मुरघासाचा, म्हणजे मुरवलेल्या चाऱ्याचा, वास गाईच्या श्वासातून आणि पोटातून रक्तात व तिथून दुधात उतरतो. ते दूध नासलेलं नसतं. आंबूस वास जिवाणूंचा, ते दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. खवट वास येतो तो स्निग्धांश फुटून ब्युटिरिक आम्ल सुटल्यामुळे. बोलताना तिन्हींना 'वास येतोय' एवढंच म्हटलं जातं. कारणं तीन, उपाय तीन; आणि परत गेलेल्या कॅनसोबत एका वेळच्या वैरणीचा, पेंडीचा खर्चही बुडतो.

सकाळी ९.३०
बल्क कूलरमध्ये ४ अंशांपर्यंत थंड झालेलं दूध टँकरमध्ये चढतं. एक आंबलेला कॅन चुकून आत गेला, तर साऱ्या गावाच्या दुधाला धोका. केंद्रचालकाची कडक शिस्त त्यापायी असते.

दुपारी १२.००
भांडी धुऊन उपडी पडली आहेत. या निवांत वेळी वास ओळखणाऱ्या यंत्राचा, इलेक्ट्रॉनिक नाकाचा विचार करता येतो. १९८२ साली ब्रिटनच्या वॉरिक विद्यापीठात कृष्णा परसॉद आणि जॉर्ज डॉड यांनी तीन सेन्सर वापरून वास वेगळे ओळखून दाखवले. अशा सेन्सरमध्ये बहुधा टिन ऑक्साइडसारख्या धातूच्या ऑक्साइडचा तापवलेला थर असतो. वासाचे रेणू त्यावरच्या ऑक्सिजनशी अभिक्रिया करतात आणि थराचा विद्युत रोध बदलतो. एकच सेन्सर अनेक वासांना दाद देतो, पण प्रत्येकाची दाद कमीजास्त असते. सगळ्या सेन्सरची मिळून जी नक्षी उमटते, तिच्यावरून वास ओळखायचा. माणसाच्या नाकातले सुमारे ४०० प्रकारचे ग्राहीही असेच एकत्र काम करतात. भारतात कोलकात्याच्या सी-डॅकने चहाच्या वासासाठी असं यंत्र घडवलं. दुधाच्या ताजेपणावरही जगभर प्रयोग झाले आहेत.

दुपारी २.३०
यंत्राला शिकवायचं कसं? नमुन्याची नक्षी नोंदवायची आणि सोबत अनुभवी नाकाचा निकाल व आम्लतेचं मोजमाप लिहायचं. ताज्या दुधाची आम्लता साधारण ०.१३ ते ०.१६ टक्के असते. नक्षीवरून हा आकडाही अंदाजता यायला हवा. मात्र चांगले नमुने सगळे सकाळचे आणि आंबलेले सगळे दुपारचे घेतले, तर यंत्र आंबटपणाऐवजी ऊन ओळखायला शिकेल. म्हणून दोन्ही वेळचे, सगळ्या ऋतूंतले, मुरघासाचे आणि हिरव्या चाऱ्याचे नमुने हवेत. परीक्षाही त्याने कधी न पाहिलेल्या गोठ्यांच्या दुधावर घ्यायची.

सायंकाळी ६.१५
दुसरी रांग लागते. दमट हवेने सेन्सरची दाद बदलते, वापराने ती हळूहळू सरकते. त्यामुळे ठरावीक नमुन्यावर यंत्र पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. सर्दी झालेला केंद्रचालक जसा शेजाऱ्याला कॅन हुंगायला बोलावतो, तसा यंत्राच्या निकालावरही दुसरा पडताळा हवाच. संशय आला की अल्कोहोलची नळी हाताशी आहे.

रात्री ८.००
हिशेब लिहून होतो. आज काकूंना मुरघासाची वेळ बदलायला सांगणारा माणूस समोर होता, म्हणून त्यांचं दूध वाचलं आणि उद्याचंही सुधारेल. असं यंत्र केंद्रावर यावं, पण केवळ 'नापास' छापायला नव्हे. मुरघास, आंबूस की खवट हे त्याने पावतीवर लिहावं आणि ते पटलं नाही तर फेरतपासणी मागायचा हक्क उत्पादकाला असावा. नाकाचा निकाल आजवर उत्पादकाला तपासता आला नाही. तो तपासता येणं, हीच या तंत्राची गोठ्यापर्यंत पोचणारी खरी कमाई.