धावपट्टी आहे, विमानाचं काय?

महाबळेश्वरला हवा खायला निघालेले मुंबईचे साहेब एकेकाळी नागोठण्याला उतरत. धरमतरच्या खाडीतून भरतीबरोबर अंबा नदीत शिरायचं, बंदरावर पालखी धरायची आणि महाड, पोलादपूरमार्गे घाट चढायचा. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, हा प्रवासी पुणे-वाईकडून जाऊ लागला आणि नागोठण्याची वर्दळ ओसरली. नदीचं पाणी आटलं नव्हतं; उतारू दुसरीकडे वळले होते.

वेंगुर्ले तालुक्यातल्या चिपी विमानतळाचं मोल याच हिशेबाने लावायला हवं. 9 ऑक्टोबर 2021 रोजी तो सुरू झाला. धावपट्टी अडीच किलोमीटरची, बांधणी खासगी कंपनीची, जमीन सरकारी. मुंबईहून सत्तर आसनांचं एटीआर विमान येऊ लागलं. रस्त्याने हीच वाट रात्रभराची. त्यात नागोठण्यावरून जाणाऱ्या महामार्गाचं पनवेल-इंदापूर रुंदीकरण 2011 पासून एक तपाहून अधिक रेंगाळलेलं! गणपतीला निघालेल्या चाकरमान्याला वेगळं सांगायला नको.

अशा विमानतळाची कमाई त्याच्या स्वतःच्या वहीत दिसत नाही. ती मालवणच्या खानावळीत, तारकर्लीच्या न्याहारी-निवासात, रिक्षा-टॅक्सीवाल्याच्या खिशात जाते आणि करांच्या वाटेने थोडी राज्याकडे परतते. हापूसच्या पेट्यांचं मात्र फार बोलू नये. छोट्या विमानाच्या पोटात आंबा मावणार किती? तो ट्रकनेच वाशीला जाणार.

कमाई अशी विमानाच्या बाहेरच वाटली जाते, म्हणून तर केंद्राने 2016 मध्ये 'उडान' योजना आणली. काही आसनांचं भाडं बांधून द्यायचं आणि कंपनीची तूट सरकारने भरायची. त्यातला बहुतेक भार केंद्राचा, उरलेला राज्याचा. पण मुदत तीनच वर्षांची. चिपीची ती 2024 मध्ये सरली आणि मुंबईचं विमान थांबलं. मधल्या काळात गोव्याचा मोपा विमानतळ सावंतवाडीच्या उंबऱ्याशी सुरू झाला होता. प्रवासी तिकडे वळला यात त्याचा काय दोष?

एसटी तोट्यातल्या गावालाही जाते, कारण त्या गावाचा बाजार तिच्यावर चालतो. मुंबई-चिपी विमानाला तोच न्याय लावावा. राज्याने नव्या धावपट्ट्यांची भूमिपूजनं करण्याआधी या एका फेरीची तूट दहा वर्षं भरण्याची हमी द्यावी, आणि तीही वेळापत्रक पाळण्याच्या अटीवर.