उन्हात इंजिन का अडतं?

जुनी अमेरिकी मोटरहोम (१९७०-८०ची दशकं)

- रचना: कार्ब्युरेटर, इंजिनवरच बसवलेला यांत्रिक इंधनपंप. इंजिन पुढच्या दोन सीटांमधल्या झाकणाखाली.
- व्हेपर लॉक: इंधनाच्या नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ होते. पुरवठा तुटतो, चढावर इंजिन अडखळतं.
- हीट सोक: बंद केलेल्या गरम इंजिनाच्या कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून इंजिनात उतरतं. इंजिन फ्लड होतं.
- पेट्रोलचं उकळणं: साधारण ३५-४० अंश सेल्सिअसपासून सुरू; घाटमाथ्यावर त्याआधीच. हिवाळी पेट्रोल लवकर उडतं.
- तपासणी: आधी स्पार्क, मग फिल्टर, नळीतली चीर, टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र.
- उपाय: नळी एक्झॉस्टपासून दूर, तिच्यावर उष्णतारोधक वेष्टण, टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप.