सोबत असली की पाय चालतात

तीस वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट मी पक्की शिकलो. नवे वाण शेतकरी माझ्या भाषणाने पेरत नाही. शेजाऱ्याच्या वावरात डोळ्यांनी पाहतो, तेव्हा पेरतो. व्यायामाचेही तसेच आहे, हे कळायला मात्र मला पन्नाशी उलटावी लागली.

पाच वर्षांपूर्वी माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. नवे जोडे घेतले, पहाटेचा गजर लावला. आठ दिवस उत्साहात गेले. नवव्या दिवशी पाऊस आला, दहाव्या दिवशी दौरा निघाला आणि अकराव्या दिवशी जोडे पलंगाखाली गेले.

दोन महिन्यांनी शेजारचे निवृत्त गुरुजी पहाटेच फाटकाशी येऊन उभे. "काऊन साहेब, चालता ना?" गजर बंद करता येतो, दारात उभ्या माणसाला परत कसे पाठवणार? त्या दिवसापासून चालणे सुटले नाही. आता आम्ही पाच जण आहोत. मागच्या हिवाळ्यात आमच्यातला एक जण दोन दिवस दिसला नाही. घरी जाऊन पाहिले, तर तापाने फणफणलेला. मुलगा पुण्याला, घरात पाणी द्यायलाही कोणी नाही. त्याला लगेच दवाखान्यात नेले. चालण्याची सोबत अशी कामी येते.

कोणी म्हणेल, आम्ही शेतात राबतो, वेगळा व्यायाम कशाला? पूर्वी ते खरे होते. आता वखराच्या जागी ट्रॅक्टर आला, वावरात जायला मोटारसायकल आली. हंगामात कंबर मोडते आणि पुढचे महिने बसून जातात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास झपाट्याने चालण्याएवढा व्यायाम सांगते.

मिळून व्यायाम करणे आपल्या विदर्भाला नवे नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. शेगावची पालखी पंढरपूरपर्यंत पायी जाते. एवढी वाट एकट्याने किती जण चालतील? दिंडीत मात्र साठीची म्हातारीही चालते.

तेव्हा एवढे करा. चार-पाच जण जमवा. वेळ आणि जागा ठरवा; गावची पांदण उत्तम, वाहनांचा मोठा रस्ता टाळा. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणून मे महिन्यात ऊन तापण्याआधी घरी परता. पावसात देवळाच्या सभामंडपात सूर्यनमस्कार घाला. पेरणी-वेचणीच्या दिवसांत खंड पडला, तर पुन्हा सुरू करण्याची तारीख आधीच ठरवून ठेवा. बायांना एकटीने निघायला संकोच वाटतो. बचत गटाच्या मैत्रिणी मिळून निघाल्या, तर कोणी बोट दाखवणार नाही. साखर, रक्तदाब किंवा छातीचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि कोणी आला नाही, तर त्याला टोमणा मारू नका. त्याच्या दारी जा. जोडीतला एक बैल बसला, तर आपण दुसऱ्याला एकट्याने ओढायला लावतो काय? उद्या पहाटे शेजाऱ्याला हाक द्या. तोही कदाचित हाकेचीच वाट पाहत असेल.