पायऱ्यांची मालकी

महाडच्या चवदार तळ्याला पायी फेरी मारायला फारसा वेळ लागत नाही. चार-पाच एकरांचा जलाशय, भोवती नगरपालिकेचा रस्ता आणि रस्त्याच्या कडेनं घरं. अस्पृश्यांना इथलं पाणी मिळावं म्हणून १९२७ मध्ये झालेला सत्याग्रह आपण सगळे शाळेत शिकलो. पण ते तळं कुणाच्या दारात होतं, हे फारसं कुणी सांगितलं नाही. या तळ्यावरून पुढं खटला झाला. त्यातल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या १९३७ सालच्या निकालपत्रात मात्र या काठाचं बारकाईनं वर्णन आहे. तळ्याभोवतीची घरं सवर्ण हिंदूंची, थोडी मुसलमानांची. पाण्यालगतच्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्या, पाण्यात उतरणारे घाट आणि काठाचे बांधीव कठडे यांतले बरेचसे याच घरमालकांचे. जवळपास अस्पृश्यांची वस्ती नाही. तळं अडीच-तीनशे वर्षांपूर्वीचं असल्याचं सांगतात, पण ते कुणी केलं, हे कुणालाच ठाऊक नाही.

म्हणजे हा महाडचा जलकाठचा सुखवस्तू मोहल्लाच होता. दारासमोर गोडं पाणी, त्यात उतरायला स्वतःच्या पायऱ्या. या पायऱ्यांनी पुढं काय घडवलं ते समजायचं तर आधी महाडमध्ये पैसा कुठून आला, ते पाहायला हवं.

तो नदीनं आणला. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर उगम पावते, पोलादपूरच्या अंगावर धावत उतरते आणि महाडला पोचेपर्यंत जवळजवळ सपाटीला येते. तिथून बाणकोटची खाडी चाळीसेक किलोमीटर दूर, तरी भरतीचं पाणी गावापर्यंत चढतं. त्या भरतीवर स्वार होऊन पडाव आणि होड्या आत येत. मोठी गलबतं खाली दासगावच्या बंदराला लागत. दुसऱ्या अंगानं वरंध आणि पारघाटातून बैलांचे तांडे उतरत. वरून कांदा, लसूण, बटाटा यायचा. खालून मीठ, सुकी मासळी, साखर, लोखंड जायचं. जिथं बैल थांबतो आणि होडी लागते, तिथं अडत्या बसतो, मग सावकार, मग माडीचं घर. शहरातली सुकट गल्ली आजही त्या व्यापाराचं नाव वागवते. रायगड राजधानी असताना तिच्या पायथ्याची ही पेठ. पुढं १७९६ मध्ये नाना फडणवीस पुण्याहून निघून इथंच येऊन राहिले, आणि १८०२ मध्ये होळकरांकडून हरलेला दुसरा बाजीराव वसईला जाण्यापूर्वी इथूनच गेला. पळणाऱ्याला समुद्राची वाट आणि धान्याची कोठारं, दोन्ही एकाच गावात मिळत.

पण नदीनं पैसा दिला, तरी वर्षभर प्यायला गोडं पाणी दिलं नाही. भरतीची नदी उन्हाळ्यात मचूळ होते. पावसाच्या पाण्यावर आणि पोटातल्या झऱ्यांवर भरणारं तळं म्हणूनच मोलाचं. ‘चवदार’ हे नाव या फरकातूनच आलं असावं असं मला वाटतं. ज्याला परवडलं त्यानं त्याच्या काठाला घर बांधलं.

दुसरीकडं दासगावच्या परिसरात इंग्रज सरकारच्या फौजेतून निवृत्त झालेल्या महार सैनिकांची कुटुंबं राहत होती. जवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे असेच निवृत्त सैनिक. त्यांची १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. म्हणजे लिहिता-वाचता येणारी, पेन्शन मिळवणारी, सरकारी कागद कळणारी माणसं या खोऱ्यात होती. बाजाराच्या दिवशी ती महाडला येत. बाजारातून त्यांना माल विकत मिळे, पाणी मिळत नसे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला : सरकारी पैशानं बांधलेली किंवा सार्वजनिक संस्थांकडची पाणवठ्याची ठिकाणं अस्पृश्यांना खुली. महाड नगरपालिकेनं जानेवारी १९२४ मध्ये त्याला अनुसरून तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण काठावरच्या घरांना तो मान्य नव्हता, आणि त्या घरांसमोरून पाण्यात उतरण्याची हिंमत एकट्यादुकट्यानं करायची कशी?

मार्च १९२७ मधल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी हजारो माणसं महाडला जमली. त्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी संयोजकांना चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. भरलेलं तळं चार पावलांवर, आणि परिषदेच्या खर्चात पाण्याची रक्कम. हा आकडा मला त्या काळावरच्या कितीतरी भाषणांहून जास्त बोलका वाटतो. २० मार्चला परिषदेचे एक संयोजक अनंतराव चित्रे यांनी समारोपात तळ्यावर जाण्याचं आवाहन केलं. बाबासाहेब आंबेडकर पुढं झाले, पायऱ्या उतरले, ओंजळभर पाणी प्यायले, आणि त्यांच्यामागून बाकीचे. थोड्याच वेळात ‘आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या, जेवत बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी एकशे आठ घागरी पंचगव्य ओतून तळ्याचं शुद्धीकरण झालं. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावानंतर बरोबर चार वर्षांनी, नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला.

डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा जायचं ठरलं. मुंबईहून नेहमीची वाट धरमतरपर्यंत बोटीनं, पुढं मोटारीनं. मोटारवाले बहिष्कार घालतील अशी भीती होती. म्हणून आंबेडकर आणि त्यांचे साथीदार समुद्रमार्गे बाणकोटच्या खाडीतून दासगावला उतरले. तिथून महाड पाचेक मैल, वेळ पडली तर चालत जाता येईल असं अंतर. ज्या बंदरानं महाडच्या माडीवाल्यांना श्रीमंत केलं, त्याच बंदरानं या माणसांना वाट दिली. परिषदेच्या मंडपाला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी ती दिली. त्याच मंडपासमोर २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्यावर मात्र त्या वेळी जाता आलं नाही. काठावरचे लोक कोर्टात गेले होते आणि त्यांना तात्पुरता मनाई हुकूम मिळाला होता.

त्यांनी आधी म्हणणं मांडलं ते असं : हे तळं सार्वजनिक नाही, हे ‘चौधरी तळं’, आमच्या मालकीचं. पायऱ्या आमच्या, कठडे आमचे, म्हणून पाणीही आमचं. काठावर मालकी असली की पाण्यावरही ती आपोआप येते, हा विचार आज मुंबईच्या समुद्रासमोरच्या किंवा पुण्याच्या नदीकाठच्या सोसायट्यांच्या कुंपणांतही दिसतो. तळं खाजगी नाही, हे खालच्या कोर्टातच ठरलं. उरला तो वहिवाटीचा मुद्दा : अस्पृश्यांनी इथं कधी पाणी भरलं नाही, ही अनादी प्रथा. खटला नऊ वर्षांहून जास्त चालला. १७ मार्च १९३७ रोजी न्या. ब्रूमफिल्ड आणि न्या. वाडिया यांच्यासमोर तो संपला. १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे ते हेच ब्रूमफिल्ड. अनादी प्रथा सिद्ध झालेली नाही, असं या न्यायालयानं ठरवलं. भोवती वस्तीच सवर्णांची असेल, तर जुन्या काळी तिथं कुणी पाणी भरायला आलं नसेल हे खरं. पण ‘कुणी आलं नाही’ आणि ‘कुणाला येऊ न देण्याचा हक्क होता’ या दोन वेगळ्या गोष्टी.

आता महाडचा पैसा पडावातून येत नाही. तो बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीतून, महामार्गावरून आणि आखाती देशांतून येतो. पाण्याजवळच्या जागेचा अर्थही बदलला आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरात चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. सावित्री, गांधारी आणि काळ या तिन्ही नद्या एकाच वेळी फुगल्या. गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे समुद्राला उधाण. वरून लोंढा आणि खालून भरती यांच्यात शहर सापडलं. बाजारपेठेत दुकानांच्या माळ्यापर्यंत पाणी चढलं. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथं घरं गाडली गेली. आज महाडात भाड्यानं खोली बघणारा माणूस आधी विचारतो, “एकवीसला पाणी कुठवर आलं होतं?” मालक भिंतीवर हात ठेवून उंची दाखवतो. सावित्रीची इशारा पातळी सहा मीटर आणि धोका पातळी साडेसहा, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत.

आणि तरी मे महिन्यात पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्या बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात. चार महिने छपरावरून धबधबा वाहतो, आणि मार्च उलटला की विहिरीचा तळ दिसतो. कातळावरून पाणी थेट नदीत पळतं, नदी ते खाडीला देते. जमीन उतरणीची, गावं लहान, माणसं मुंबईत नाहीतर सुरत-बडोद्यात. त्यांच्यासाठी कुणी तळं बांधलं नाही.

२० मार्च २०२७ रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतात. दर वर्षी त्या दिवशी विदर्भातून, मराठवाड्यातून माणसं येतात. बायका लेकरांना कडेवर घेऊन पायऱ्या उतरतात. शेवटच्या पायरीवर वाकतात, ओंजळीत पाणी घेतात, लेकराच्या डोळ्यांना लावतात. मागच्याला जागा द्यायला त्या लगेच वर येतात, कारण रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली असते.